अर्जावरचा चौकोन

बायोडाट्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा तळाशी छापलेला छोटासा काळा-पांढरा चौकोन म्हणजे क्यूआर कोड. वाचणाऱ्याने मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की पडद्यावर एक दुवा येतो, आणि त्या दुव्यामागे उमेदवाराचे काम असते: वास्तुविशारदाचे आराखडे, छायाचित्रकाराची चित्रे, प्रोग्रामरने लिहिलेली आज्ञावली, शिक्षिकेच्या तासाचे चित्रण. कागदावर मावत नाही ते कागदाबाहेर ठेवायचे आणि कागदावर फक्त तिथे जाण्याची वाट छापायची, एवढीच ही युक्ती. ती जेमतेम दीड दशकाची आहे. पण तिच्यात दोन जुने इतिहास एकत्र आले आहेत. एक इतिहास कसबाचा पुरावा जवळ बाळगणाऱ्या कामगाराचा, दुसरा माणसाऐवजी यंत्राने वाचायच्या खुणांचा. हे दोन्ही फार काळ एकमेकांची ओळख नसताना चालत आले, आणि दुसऱ्याचा संबंध तर माणसांशी नव्हताच. तो किराणा मालाशी आणि मोटारीच्या सुट्या भागांशी होता.

युरोपातल्या जुन्या शहरांत कारागिराची लायकी त्याच्या हातच्या वस्तूवरून ठरे. उमेदवारी संपवून उस्ताद व्हायचे तर परीक्षकांपुढे एक नमुना घडवून ठेवावा लागे. सोळाव्या शतकातल्या न्यूरेम्बर्गमध्ये सोनारांना तीन वस्तू कराव्या लागत: ठरलेल्या घाटाचा, फुलाच्या आकाराचा चषक, खडा बसवलेली अंगठी आणि कोरलेली मुद्रा. इथे अर्ज आणि पुरावा वेगळे नव्हतेच. चषक मेजावर असे आणि त्याची कड नीट वळली आहे की नाही हे पाहणाराही त्याच धंद्यातला असे. ही व्यवस्था कडक होती, पुष्कळदा बाहेरच्यांना दूर ठेवण्यासाठीच वापरली जाई. तरी काम पाहून माणूस घेण्याचा इतका सरळ मार्ग पुढे क्वचितच राहिला.

कारागीर शहर सोडून अनोळखी धन्याकडे जाऊ लागला की वस्तू मागे राहते आणि शब्द पुढे येतात. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरीसाठी पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार केला, तो याचा प्रसिद्ध दाखला. उचलून नेता येतील असे हलके पूल, खंदकातले पाणी उपसण्याच्या रीती, तोफा, भुयारे, झाकलेले रणगाडे अशी कलमांमागून कलमे त्यात आहेत. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. धन्याला काय हवे आहे हे ओळखून लिहिलेला हा अर्ज आहे. त्याहून लक्षात ठेवण्यासारखा त्यातला समारोप: यातले काही अशक्य वाटत असेल तर आपल्या उद्यानात किंवा सांगाल तिथे प्रयोग करून दाखवतो, अशी तयारी लेखकाने दाखवली आहे. दावा कागदावर आणि पुरावा दुसरीकडे, ही फारकत इथे उघड दिसते. मिलानच्या ग्रंथालयातील कोडेक्स अटलांटिकस या संग्रहात हा मसुदा आहे, मात्र त्यातले हस्ताक्षर लिओनार्दोचे नाही. स्वतःचा बायोडाटा दुसऱ्याकडून लिहून घेण्याची चालही बरीच जुनी म्हणायची.

पुरावा कोणाच्या हाती राहायचा हा प्रश्न पुढे कायद्यात शिरला. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने कामगाराला एक पुस्तिका बाळगणे भाग पाडले. त्यात तो कुठे, कोणाकडे कामाला होता याच्या नोंदी असत. कामावर असेपर्यंत पुस्तिका मालकाकडे राही. तिच्यावर मोकळीक दिल्याची नोंद मिळाल्याशिवाय दुसरीकडे काम धरता येत नसे, आणि ती नसताना प्रवास करणारा कामगार भटक्या ठरे. १८९० मध्ये ही पुस्तिका रद्द झाली. ती कामगाराचा इतिहास सांगे, पण मालकाच्या सोयीने.

ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थानात तिची धाकटी बहीण होती, ती म्हणजे साहेबाने दिलेली चिठ्ठी. खानसामा, बटलर, आया, मोतद्दार यांच्याकडे आधीच्या मालकांनी लिहून दिलेल्या शिफारसपत्रांचे पुडके असे आणि नवा साहेब ते चाळून माणूस ठेवी. पुष्कळ नोकरांना त्या चिठ्ठ्यांतले इंग्रजी वाचता येत नसे. त्यामुळे टवाळीने लिहिलेले पत्र एखादा स्वयंपाकी वर्षानुवर्षे अभिमानाने दाखवत फिरे. उलट, चांगल्या चिठ्ठ्या उसन्या मिळत, विकत मिळत आणि खोट्याही बनत. ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याला वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येते त्याला खरे-खोटे ताडता येत नाही, अशा कागदावर सारी भिस्त होती.

स्वातंत्र्यानंतर सुशिक्षितांच्या अर्जांतही विश्वासाचा हा पेच सुटला नाही, फक्त त्याला शिक्का मिळाला. गुणपत्रिकेची खरी प्रत म्हणून राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवण्यासाठी महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी तहसील कचेरीच्या आणि कॉलेजच्या प्राचार्यांच्या दाराशी ताटकळत वेळ घालवला. सही करणारा मूळ कागद पाही, उमेदवाराचे काम कधीच नाही. २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वसाक्षांकनाचा आग्रह धरला आणि ही रांग बरीचशी मोडली. चित्रकार, नट, वास्तुविशारद यांची गोष्ट वेगळी होती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडणारा विद्यार्थी जाहिरात कंपनीत जाताना बगलेत मोठे पोर्टफोलिओचे फोल्डर घेऊनच जाई, आणि मुंबईच्या स्टुडिओंत फोटोंचा अल्बम न नेता कोणी काम मागत नसे. बाकीच्यांच्या कामाला असे रूपच नव्हते: हिशेबनिसाची वही किंवा अभियंत्याचा पूल बगलेत मारून कोण नेणार?

दुसरा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत शिकणाऱ्या बर्नार्ड सिल्व्हरच्या कानावर एका किराणा साखळीच्या प्रमुखाची मागणी पडली: गल्ल्यावर मालाची नोंद आपोआप व्हायला हवी. त्याने ती आपला सहकारी नॉर्मन जोसेफ वुडलँडला सांगितली. वुडलँडला मोर्सची लिपी येत होती. मायामीच्या किनाऱ्यावर बसून वाळूत टिंबे आणि रेघा काढताना त्याने बोटे स्वतःकडे ओढली; टिंबांच्या बारीक रेघा झाल्या, रेघांच्या जाड. १९४९ मध्ये दोघांनी अर्ज केला आणि १९५२ मध्ये पेटंट मिळाले. कल्पना काळाच्या पुढची होती, कारण तो ठसा वाचायला लागणारा प्रकाश आणि वाचलेले समजून घेणारे यंत्र दोन्ही अजून भलतेच अवजड होते. लेसर आणि स्वस्त संगणक येईपर्यंत वाट पाहावी लागली. आयबीएममध्ये जॉर्ज लॉररने घडवलेला रेघांचा ठसा १९७३ मध्ये अमेरिकी किराणा उद्योगाने स्वीकारला, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्ले कंपनीच्या च्युइंगमचे दहा पुड्यांचे पाकीट ६७ सेंटला विकले गेले. बारकोड वाचून झालेली ती पहिली विक्री. सिल्व्हर १९६३ मध्येच वारला होता.

रेघांच्या या ठशात माहिती एकाच दिशेने मावते आणि थोडीच मावते. किराण्याला तेवढी पुरते, कारखान्याला पुरेना. जपानमधल्या टोयोटा समूहातील डेन्सो ही सुटे भाग बनवणारी कंपनी. तिचे मुख्य ठाणे आइची प्रांतातल्या करिया शहरात. सुट्या भागांच्या प्रत्येक खोक्याबरोबर कानबान नावाचे कार्ड फिरे आणि भाग संपले की ते कार्ड नव्या मालाची मागणी घेऊन मागे येई. मोटारींचे प्रकार वाढले तशी कार्डावर लिहायची माहिती वाढली. एका बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरे, म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड. कामगारांना ते दिवसातून शेकडो वेळा एकामागून एक टिपावे लागत. तेलकट हातांचे डाग पडले की तेही वाचले जात नसत. ही कटकट कमी करण्याचे काम मासाहिरो हारा या अभियंत्याकडे आले.

हारा बारकोड वाचणारी यंत्रे बनवत असल्याने त्याला अडचण आतून माहीत होती. रेघा आडव्या वाचायच्या त्याऐवजी माहिती आडवी आणि उभी अशी दोन्ही बाजूंनी पसरावी, हा विचार त्याला जेवणाच्या सुट्टीत ‘गो’ खेळताना सुचल्याचे तो सांगतो. या खेळात पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या जाळीच्या छेदांवर मांडतात. दुहेरी ठसे तेव्हा दुसऱ्यांनीही बनवले होते. पण छापील कागदाच्या गर्दीत ठसा नेमका कुठे आहे हे यंत्राला शोधायला वेळ लागे. हाराच्या छोट्या गटाने तीन कोपऱ्यांत ठळक चौकटी बसवायचे ठरवले. अडचण अशी की तसा आकार त्याच कागदावर दुसरीकडे असला तर यंत्र फसणार. मग त्यांनी पत्रके, मासिके, खोकी असा मिळेल तो छापील मजकूर गोळा करून त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोणती प्रमाणे येतात ते मोजले. सगळ्यांत कमी आढळणारे प्रमाण निघाले १:१:३:१:१. आजच्या प्रत्येक क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांतली चौकट मधोमध कुठूनही कापली तरी काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा हे याच प्रमाणात मिळतात. त्यामुळे कागद उलटा असो वा तिरका, यंत्र गोंधळत नाही. या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर शोध हाच म्हणावा लागेल. त्यात गणित थोडेच आहे. रद्दी चाळून केलेली मोजदाद पुष्कळ.

१९९४ मध्ये कोड जाहीर झाला. सर्वांत लहान आकार २१ गुणिले २१ घरांचा, सर्वांत मोठा १७७ गुणिले १७७ घरांचा, आणि मध्ये मिळून एकूण ४० पायऱ्या. मोठ्यात मोठ्या कोडात ७,०८९ आकडे मावतात. डागांवरचा इलाज १९६० मध्ये अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी मांडलेल्या गणितातून आला. मूळ माहितीबरोबर तिच्यावरूनच काढलेली जादा माहिती साठवायची, म्हणजे काही भाग गेला तरी उरलेल्यावरून तो परत काढता येतो. चार पातळ्या ठरल्या. सर्वांत खालच्या पातळीवर सुमारे ७ टक्के आणि सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. बायोडाट्यावरच्या कोडाच्या मधोमध कोणी आपली आद्याक्षरे किंवा फोटो बसवतो तेव्हा तो हाच राखीव वाटा खर्च करत असतो. वंगणाच्या डागांसाठी केलेली तरतूद अशी सजावटीच्या कामी आली.

डेन्सोने पेटंट घेतले, पण ठरलेल्या प्रमाणानुसार कोड वापरणाऱ्यांवर हक्क बजावणार नाही असे जाहीर केले. २००० मध्ये कोडाला आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. कोड बनवायला कोणालाही पैसे मोजावे लागत नाहीत, आणि एखाद्या विद्यार्थ्याने तो आपल्या अर्जावर छापावा हे शक्य झाले ते या एका निर्णयामुळे.

कारखान्याबाहेर तो मोबाइलमुळे आला. २००२ मध्ये जपानी बाजारात कोड वाचू शकणारे फोन आले. त्या काळच्या फोनवर आकड्यांच्या बटणांनी संकेतस्थळाचा पत्ता टंकणे म्हणजे छळ होता; कोडाने तो टळला. व्हिजिटिंग कार्डांवर नाव, दूरध्वनी आणि ईमेल साठवलेले कोड दिसू लागले. फोनमध्ये असा तपशील थेट नोंदवता यावा म्हणून एनटीटी डोकोमो या कंपनीने त्याचा एक आटोपशीर साचाही ठरवून दिला. व्यक्तीची ओळख करून देणारा कोड म्हणून बायोडाट्यावरच्या कोडाचा सर्वांत जवळचा पूर्वज हाच. त्यात नाव-पत्ता होता. कामाचा पुरावा नव्हता.

दरम्यान बायोडाटा यंत्राने वाचण्याची धडपड अमेरिकेत वेगळ्याच वाटेने चालली होती. १९४० मध्ये युद्धाच्या तयारीसाठी तिथल्या सरकारने शास्त्रज्ञ आणि तज्ज्ञांची राष्ट्रीय नोंद सुरू केली आणि माणसांची कौशल्ये छिद्र पाडलेल्या कार्डांवर उतरवली. हवी ती विद्या जाणणारी माणसे यंत्राने वेगळी काढायची, अशी कल्पना. १९८८ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत निघालेल्या रेझ्युमिक्स कंपनीची यंत्रणा टंकलिखित बायोडाटे स्कॅन करून त्यातली अक्षरे ओळखी आणि शब्द शोधून उमेदवारांची चाळणी लावी. नव्वदच्या दशकात मग नोकरीविषयक पुस्तकांतून ‘स्कॅन होण्याजोगा’ बायोडाटा कसा करावा याचे सल्ले येऊ लागले: पांढरा कागद, साधा टंक, तिरपी अक्षरे नकोत, अधोरेखा नको, घडी नको, टाचणी नको, आणि क्रियापदांपेक्षा यंत्राच्या यादीत असतील अशी नामे जास्त. माणसाला छाप पाडणारा कागद आणि यंत्राला पचणारा कागद यांतले वैर तेव्हापासूनचे आहे. पुढे ईमेल आणि पीडीएफ आले, भारतात १९९७ पासून नौकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळांनी अर्जांचे गठ्ठे कार्यालयांतून संगणकांत हलवले, तरी चाळणी तीच राहिली.

कामे ठेवायला जागाही याच सुमारास तयार झाली. २००३ मध्ये लिंक्डइन, २००५ मध्ये यूट्यूब, त्याच सुमारास चित्रकार-रचनाकारांसाठी बिहान्स, २००८ मध्ये प्रोग्रामरांसाठी गिटहब. हिशेबनिसाच्या वहीला अजूनही जागा नव्हती, पण ज्यांचे काम पडद्यावर दिसू शकते त्यांना आता बगलेत फोल्डर घ्यायची गरज उरली नाही. फक्त छापील कागदापासून त्या जागेपर्यंत पोचायचे कसे हा प्रश्न होता. लांबलचक पत्ता बायोडाट्यावर छापला तर तो टंकण्याचे कष्ट मुलाखत घेणारा घेत नाही.

२०११ च्या सुमारास हे दोन इतिहास जुळले. फ्रान्समधल्या एका विद्यार्थ्याचा बायोडाटा तेव्हा जगभर गाजला. एका बाजूला नेहमीचा मजकूर. मागच्या बाजूला त्याचा पानभर फोटो आणि तोंडाच्या जागी कोड. कोड वाचून फोन कागदावर नेमका तिथेच ठेवला की पडद्यावर त्याचे तोंड बोलू लागे आणि तो आपली ओळख स्वतः करून देई. करामत मजेशीर होती. तिने काय दाखवले, तर उमेदवाराची कल्पकता. आणि त्या काळच्या अशा बहुतेक बायोडाट्यांचे हेच झाले. कोडामागे काय आहे यापेक्षा कोड आहे हीच बातमी होती.

पश्चिमेत ती लाट लवकर ओसरली. कोड वाचायला वेगळे ॲप उतरवून घ्यावे लागे, ते सुरू करून फोन स्थिर धरावा लागे, आणि एवढे करून पुष्कळदा मोबाइलवर नीट न उघडणारे पान समोर येई. कोडाची टर उडवणारे लेख तेव्हा भरपूर निघाले. चित्र पालटले ते सप्टेंबर २०१७ मध्ये. ॲपलने आयफोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यातच कोड वाचण्याची सोय दिली आणि अँड्रॉइड फोनही त्याच वाटेने गेले. २०१८ मध्ये लिंक्डइनने आपल्या ॲपमध्ये प्रत्येक सदस्याला स्वतःचा कोड दिला. मग २०२० मध्ये कोविडची साथ आली, हॉटेलांतली मेनूकार्डे टेबलावरून गेली आणि त्यांच्या जागी कोड चिकटले. ज्यांनी तोवर तो कधी वापरला नव्हता त्यांनाही तो वापरणे भाग पडले.

भारतात ही सवय साथीच्या आधीच लागली होती. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, २०१७ मध्ये भारत क्यूआर आले आणि काही वर्षांत भाजीवाल्याच्या गाड्यापासून सराफाच्या पेढीपर्यंत कोडाची पाटी लागली. महाराष्ट्रात त्याला आणखी एक वाट होती, ती शाळेची. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात कोड छापून त्यामागे कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवले. चाचणी प्रयोगानंतर २०१७ मध्ये राज्य सरकारने सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी ही पद्धत जाहीर केली, आणि पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही केंद्राने तसाच निर्णय सांगितला. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. बालभारतीच्या धड्याशेजारी हा चौकोन पाहत वाढलेल्या मुलाला छापील पानाच्या मागे दुसरे पान असते हे सांगावे लागत नाही. मोठ्यांसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत कोड सक्तीचा केला, म्हणजे घर घेणाऱ्याला बिल्डरच्या दाव्यामागची सरकारी नोंद जागच्या जागी पाहता यावी. बायोडाट्यावरच्या कोडाचा आदर्श खरे तर हाच असायला हवा होता: दावा करणाऱ्याने तपासणीची वाटही द्यायची.

पण महारेराच्या कोडामागे सरकारी नोंद असते आणि बायोडाट्यावरच्या कोडामागे उमेदवाराने स्वतः मांडलेले पान. हा फरक समजण्यासाठी कोडात नेमके काय असते ते पाहावे लागते. काम कोडात नसतेच. सर्वांत मोठ्या कोडात, सर्वांत खालची सुरक्षा घेतली तरी, २,९५३ बाइट मावतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजीतला एक छोटा बायोडाटा कसाबसा बसेल. देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला, आणि काना-मात्रांनाही वेगवेगळे, तीन-तीन बाइट लागतात. तेव्हा मराठीत जास्तीत जास्त ९८४ चिन्हे, म्हणजे पाऊण पानही नाही. जपानी कांजी लिपीसाठी कोडात पहिल्यापासून खास सोय आहे आणि तिची १,८१७ अक्षरे मावतात. ज्यांनी कोड घडवला त्यांनी आधी आपल्या लिपीचे पाहिले, त्यात नवल नाही. शिवाय ३१,३२९ घरांचा तो चौकोन बायोडाट्यावर छापला तर घरे इतकी बारीक होतील की फोनला ती वाचताच येणार नाहीत. म्हणून कोडात असतो तो फक्त पत्ता. पत्ता २६ बाइटांत बसला तर मधल्या सुरक्षेसह २५ गुणिले २५ घरांचा सुटसुटीत कोड पुरतो; पत्ता लांबला की घरे वाढतात आणि वाचणे अवघड होते. चारही बाजूंनी चार घरांएवढी कोरी जागा ठेवावी लागते. पान भरण्याच्या घाईत हीच जागा सर्वांत आधी जाते, आणि मग कोड वाचला जात नाही.

पत्ता छापला की तो बदलता येत नाही. त्या पत्त्यावरचे पान हलवले, संकेतस्थळाचे नाव नूतनीकरण करायचे राहिले, की कागदावरचा चौकोन तसाच दिसतो आणि कुठेही नेत नाही. यावर तोडगा म्हणून मधल्या कंपनीचा पत्ता कोडात घालून तिथून उमेदवाराच्या पानाकडे वळवण्याची पद्धत आली. त्यामुळे मागचे पान हवे तेव्हा बदलता येते. किंमत अशी की त्या कंपनीची वर्गणी थांबली की कोडही थांबतो. फुकट म्हणून बनवलेले कोड काही दिवसांनी मेले, असा अनुभव अनेकांना येतो. या पद्धतीत कोड किती वेळा, कधी आणि साधारण कुठल्या शहरातून वाचला गेला याची मोजदादही मिळते. फ्रेंच पुस्तिकेत मालक कामगारावर नजर ठेवी. इथे अर्जदाराला कळते की कंपनीने त्याचा कागद उघडला की नाही. नोकरी मागणाऱ्याच्या हाती एवढीशी का होईना नजर प्रथमच आली आहे, हे या चौकोनाचे सर्वांत कमी बोलले गेलेले वैशिष्ट्य.

पुरावा म्हणून मात्र असा कोड चिठ्ठीइतकाच कच्चा राहतो. दुसऱ्याचे काम आपल्या पानावर लावायला कोड आडवा येत नाही. पदव्या आणि प्रमाणपत्रांच्या बाबतीत ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. २०१५ मध्ये डिजिलॉकर सुरू झाले आणि दाखले देणाऱ्या संस्थेकडूनच थेट पाहता येऊ लागले. आधारवरच्या नव्या कोडात तर डिजिटल स्वाक्षरीच असते, म्हणून तो इंटरनेटशिवायही पडताळता येतो आणि त्यातले एक अक्षर बदलले तरी पकडले जाते. गुणपत्रिकेवर असा कोड आला की राजपत्रित अधिकाऱ्याची सही खरोखर अनावश्यक होते. कामाला अशी स्वाक्षरी कोण देणार याचे उत्तर अजून कोणत्याही धंद्याकडे नाही. म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या गिटहबवरचे काम पाहूनही मुलाखतीत समोर बसवून प्रश्न सोडवून घेतात, आणि वृत्तपत्रे कात्रणे वाचूनही एक बातमी लिहून मागतात.

कोडाला अडवणारे आणखी दोघे आहेत. पहिली ती जुनीच चाळणी. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकाच्या प्रणालीत जातो. ती अक्षरे वाचते, कोड तिच्या लेखी नुसते चित्र असते. तिथे स्कॅन होण्याजोगा बायोडाटा म्हणजे अजूनही नव्वदच्या दशकातलाच, साध्या टंकातला. शिवाय पडद्यावर बायोडाटा वाचणाऱ्याला त्याच पडद्यावरचा कोड टिपण्यासाठी खिशातून फोन काढायला लावणे हा उफराटा कारभार आहे. तिथे टिचकी मारायचा दुवा बरा. दुसरी अडवणूक भीतीची. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने कोडात फेरफार करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केले. भारतात पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करा असे सांगून पैसे काढून घेण्याचे प्रकार इतके झाले की पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, हे बँका पुन्हा पुन्हा सांगतात. अशा वातावरणात अनोळखी माणसाच्या कागदावरचा कोड उघडू नये अशी ताकीद काही कचेऱ्यांनी आपल्या माणसांना दिली असेल तर ते समजण्यासारखे आहे.

त्यामुळे कोडाचे खरे राज्य उरते ते कागद हातात घेतला जातो तिथे: कॉलेजातल्या कॅम्पस मुलाखती, जिल्ह्याच्या ठिकाणचे रोजगार मेळावे, कलामहाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने, व्हिजिटिंग कार्डे. अशा कागदांवर जाणते लोक दोन-अडीच सेंटिमीटरचा एकच कोड छापतात, तो पांढऱ्यावर काळाच ठेवतात आणि त्याच्या शेजारी आत काय आहे ते चार शब्दांत सांगतात. खाली तोच पत्ता वाचता येईल अशा अक्षरांतही देतात. कोड उघडायला कचरणाऱ्याला तो पत्ता टंकता येतो, आणि तोच कागद पुढे संगणकाच्या चाळणीत गेला तर तिलाही तो वाचता येतो.